ताडपत्रीखालचं आभाळ

नारळ फुटला, म्हादू मेस्त्रीने त्याचं पाणी पंपाच्या तोंडावर शिंपडलं, टोळीने "भैरोबाच्या नावानं चांगभलं!" अशी आरोळी ठोकली, आणि अक्षता मगदूमने हातातल्या टॅबवर पुन्हा एकदा पंचांग बघितलं. हिरवंगार. संध्याकाळपर्यंत पावसाचा थेंब नाही.

हे पंचांग भिंतीला टांगायचं नव्हे. त्याचं कागदोपत्री नाव 'मेघवेध'. पण कामावर कुणी मेघवेध म्हणालं की समजावं, गडी नवा आहे. जे स्लॅबचा मुहूर्त काढून देतं ते पंचांग, संपला विषय! ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात मोकळी दुपार शोधणं म्हणजे पूर्वी नुसता जुगार होता. आता राज्यात जिथे म्हणून बांधकाम चालू होतं तिथे स्लॅबच्या काठावर मुठीएवढा एक डोळा बसवलेला असे. पाऊस, वारा, ओल, उष्मा, सगळं तो मोजायचा आणि पंचांगाला कळवायचा. वरून उपग्रह होते, रडार होतं. पण घाटात रडारची नजर डोंगराआड अडते, तिथे खरी साक्ष या डोळ्यांची. वर्षानुवर्षं या साक्षी गोळा करून पंचांग आपलं आपण शिकत गेलं होतं: कुणाचं किती खरं मानायचं, कुणाला खोटं पाडायचं.

अक्षता भैरोबाच्या खिंडीतल्या पुलाची प्रमुख होती. कोल्हापूरकडून कोकणात उतरणाऱ्या नव्या रस्त्यावरचा हा पूल. त्याचा काठाकडचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधला स्लॅब, आज ओतायचा होता. खाली भरावाची जमीन, तिच्यावर तीन मजले उंच लोखंडी टेकूंचं जंगल, त्यावर फळ्या, त्यावर सळयांची जाळी, आणि त्या जाळीवर चिखलाचे बूट घातलेली म्हादू मेस्त्रीची टोळी. पंपाची लांब सोंड वळली आणि राखाडी लगदा धबाधबा पडायला लागला.

"मॅडम, जिलेबी सांगितली न्हवं?" म्हादू वरूनच ओरडला.

"सांगितली. मटणही सांगितलंय. पण स्लॅब पुरा झाल्यावर."

"आता गं बया! अर्ध्या स्लॅबावर जेवायला आमी काय येडं हाय?"

हा टोळीचा जुना नेम. नारळ फुटला की स्लॅब थांबवायचा नाही, आणि पुरा झाल्याशिवाय पंगत बसायची नाही. यात नुसती श्रद्धा नव्हती, शास्त्रही होतं. काँक्रीट वाळतं असं लोक म्हणतात, पण ते वाळत नाही. सिमेंट आणि पाणी एकमेकांना धरतात, त्यातून बारीक सुयांसारखे स्फटिक उगवतात आणि खडी-वाळूला घट्ट मिठी मारतात. ही मिठी एकदा बसली की वरून टाकलेला नवा लगदा तिच्यात मिसळत नाही, नुसता चिकटून बसतो. तो सांधा पुढे जन्मभर कच्चा. आणि मिठी बसायच्या आत जोराचा पाऊस आला तर सिमेंटच धुऊन जातं. म्हणजे थांबलं तरी पंचाईत, भिजलं तरी पंचाईत. शिवाय ओल्या काँक्रीटला वजन असतं पण ताकद नसते. ते घट्ट होईपर्यंत सगळा भार खालच्या टेकूंवर, आणि टेकूंचा भार मातीवर.

म्हणून तर पंचांगाला एवढा मान. हिरवं असताना जी टोळी स्लॅबावरून उतरेल तिच्या नावावर काळी खूण पडे आणि त्या टोळीला पुढे कुठल्याच कामावर कुणी उभं करत नसे. उलट, ज्या स्लॅबावर ओतताना पाऊस नोंदला जाई त्याच्यावर संशयाचा शिक्का बसे. मग त्यात भोकं पाडून नमुने काढायचे, ते दाबून फोडून बघायचे, आणि बहुतेक वेळा अख्खं काम तोडून टाकायचं. लाल झालं तरच सगळ्यांची सुटका. लाल म्हणजे दैवी कोप, त्यात कुणाचाच दोष नाही.

दुपार झाली. गाळा निम्म्याच्या पुढे गेला होता. हवा अशी कोंदली होती की शर्ट पाठीला चिकटला. अक्षताने पूर्वेकडे बघितलं.

परतीचा पाऊस समुद्राकडून येत नाही, तो देशावरून, पूर्वेकडून येतो. आणि पूर्वेला आंबेतळच्या डोंगरामागे आभाळ काळंठिक्कर झालं होतं. तिने टॅब बघितला. हिरवं. तिने पुन्हा आभाळ बघितलं. तेवढ्यात हाताच्या पंजावर टपोरा थेंब पडला. मग दुसरा.

टॅबवर तिच्याच साइटच्या नावापुढे लिहिलं होतं: पाऊस शून्य.

"अरे, शून्य काय? हा काय माझ्या डोळ्यातून पडला?" ती स्वतःशीच पुटपुटली आणि स्लॅबाच्या काठावर बसवलेल्या डोळ्याकडे गेली. डोळा दिसेनाच. तिथे एक घमेलं पालथं घातलं होतं, त्यावर ताडपत्रीचा तुकडा, आणि त्याला सुतळीचा घट्ट फास.

"मेस्त्री! हे कुणी केलं?"

म्हादू लगबगीने आला. शाबासकी मिळणार अशा चेहऱ्याने. "मीच की. आबाळ भरलं की आदी डोळा झाकायचा, मग स्लॅब. काळजी नगं मॅडम, एक टिपूस बी नोंदला न्हाई."

"कधीपासून करताय हे?"

"आता काय इचारताय? सुजय सायबांच्या हाताखाली व्हतो तवापासनं. त्येंनीच शिकीवलंय. समदीच करत्यात."

सुजय साहेब म्हणजे सुजय मगदूम. अक्षताचा नवरा.

तिला काहीच ठाऊक नव्हतं असंही नाही. चार शिंतोड्यांपायी चांगला स्लॅब तोडावा लागू नये म्हणून साइटवर असलं काही चालतं, हे ती ऐकून होती. ऐकून सोडून देत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणायचं आणि पुढे जायचं. सुजयचं तर नावच पडलं होतं, 'कोरडा मगदूम'. त्याच्या एकाही ओतकामावर आजवर पाऊस नोंदला गेला नव्हता. घरी ती त्याला चिडवायची, "अहो कोरडे, जरा भांडी तरी ओली करा!" आणि तो हसत सिंककडे जायचा.

आता मात्र तिला हसू येईना. तिने टॅबवर सगळ्या घाटाचा नकाशा उघडला. पूर्वेकडे आज पाच-सहा ठिकाणी ओतकाम चालू होतं, सगळे ठिपके हिरवे, सगळीकडे पाऊस शून्य. आंबेतळलाही शून्य. तिथे आज सुजयची साइट चालू होती. पुलाचं टोक पेलणारी जाडजूड भिंत तो ओतत होता. पण आंबेतळच्याही पलीकडे खडकोळचं बंद पडलेलं आवार होतं. तिथे आज काम नव्हतं, माणूस नव्हता, म्हणजे झाकायलाही कुणी नव्हतं. खडकोळचा डोळा सांगत होता की पाऊस नुसता कोसळतोय. आणि पंचांगाने त्याच्यावर राखाडी फुली मारून शेरा दिला होता: डोळा सदोष.

अक्षताने त्या फुलीवर बोट ठेवलं.

पंचांग खोटं बोलत नव्हतं. बिचाऱ्याला शिकवलंच तसं होतं. रडारने सांगावं ढग आलाय, आणि ओतकामावरच्या डोळ्याने सांगावं छे, कोरडं आहे. असं हजार वेळा झाल्यावर शिकणारं यंत्र काय शिकणार? की स्लॅब चालू असला म्हणजे तिथे पाऊस पडत नाही. रडार चुकतं. जो डोळा पाऊस म्हणतो तोच बिघडलेला. राज्यभरच्या शहाण्यांनी एकेक घमेलं पालथं घालून यंत्राला आंधळं केलं होतं, आणि वर त्याच्याच बोटाला धरून चालत होते!

तिने सुतळी तोडली, ताडपत्री भिरकावली, घमेलं लाथेने उडवलं. डोळ्यावर थेंब पडायला लागले. टॅबवर आकडा हलला. तिचा जीव भांड्यात पडतोय तोच तिच्या साइटवर राखाडी फुली उमटली: डोळा सदोष. शेजारच्या साक्षीशी विसंगत.

"हात तुझ्या!" अक्षता ओरडली.

तिने खाली जाऊन टेकू बघायचं ठरवलं. शिडी उतरताना वरून पंपाची धडधड येत होती. खाली अंधारलं होतं. पाऊस अजून इथे भुरभुरच होता, पण डोंगराच्या वरच्या अंगाला तो आधीच कोसळत असणार, कारण भरावाच्या कडेने तांबडं पाणी वाहत आलं होतं. बोटभर धार. टेकूंच्या तळाला ज्या लाकडी पाचरी ठोकलेल्या असतात त्यातली एक तिने धरून बघितली. सकाळी तीच पाचर हातोड्याच्या घावानेही हलली नव्हती. आता ती बोटांनी हलली.

तिने वर धाव घेतली आणि पंपाचं लाल बटण दाबलं. पंप थांबला. लगेच फोन वाजला. कंट्रोल रूममधून कर्णिक साहेब.

"अक्षता, पंप का थांबला?"

"सर, पूर्वेकडून मोठा पाऊस येतोय. टेकूंखालची माती ओली होतेय. माणसं उतरवायला हवीत."

"इथे तर हिरवं आहे."

"सर, पंचांग चुकतंय. डोळे झाकलेत सगळ्यांनी."

"काय झाकलंय? हे बघ, पंचांग हिरवं असताना थांबवायचा अधिकार मलाही नाही. तुझा डोळा बिघडल्याचं दिसतंय, उद्या माणूस पाठवतो. आणि तुला ताण आला असेल तर सांग, जागी दुसरा बसवतो." फोन ठेवल्याबरोबर पंप आपोआप पुन्हा धडधडू लागला. साइटवरचं बटण नुसतं नावाचं, खरी किल्ली कर्णिकांकडे.

"मेस्त्री, टोळी खाली घ्या," ती म्हणाली.

म्हादूने टॅबकडे बोट दाखवलं. "मॅडम, हिरवं हाय."

"खाली पाचरी ढिल्या पडल्यात. मी स्वतः बघितलं."

म्हादू दोन पावलं जवळ आला. त्याचा आवाज उतरला. "तुमचं खरं मानतो मी. पर हिरव्यात उतरलो तर ह्या चाळीस माणसांस्नी उद्या कोण उभं करील? लेकराबाळांची माणसं हायेत. लाल करून द्या, आत्ता उतरतो. पळत उतरतो."

लाल करून द्या! जणू ती बोट लावून रंग बदलणार होती. आणि तेव्हाच तिला सुचलं. पंचांगाला एका डोळ्याचं पुरत नाही, शेजारची साक्ष लागते. आणि या अख्ख्या घाटात पंचांगाचा सगळ्यात जास्त भरवसा कुणावर? ज्याची साक्ष आजवर कधीच त्याच्या अंदाजाविरुद्ध गेली नाही त्याच्यावर. कोरड्या मगदूमच्या डोळ्यावर.

तिने फोन लावला.

"सुजय, तुझ्याकडे पाऊस आहे?"

पलीकडून ताडपत्रीवर पडणाऱ्या पावसाचा तडतडाट येत होता. तो हसला. "नोंदीत नाही."

"चेष्टा नको. तुझा डोळा उघड. आत्ताच्या आत्ता."

"का?"

तिने भराभरा सगळं सांगितलं. खडकोळची फुली, तिची फुली, वाहतं पाणी, पाचर. सुजय ऐकत होता. तो मूर्ख नव्हता. पहिल्या दोन वाक्यांतच त्याला सगळं कळलं असणार.

"अक्षू, मी उघडला तर माझी भिंत गेली," तो शेवटी म्हणाला. "पार निम्मी भरलीय. तोडावी लागेल."

"तुझी भिंत जमिनीत उभी आहे. तिच्यावरून कुणी पडून मरत नाही. इथे चाळीस माणसं टेकूंवर आहेत."

"नुसती भिंत नाही गं. हा डोळा आज एकदम पाऊस म्हणाला, की पंचांग मागचं सगळं परत तपासणार. माझे जुने सगळे स्लॅब. आपले. निम्म्या कामांवर तू माझ्याबरोबर होतीस. एकेक उघडं पडेल."

"पडू दे."

"पडू दे? घर, नाव, सगळं? आणि तुझा पाऊस वाटेत विरला तर? परतीचा पाऊस लहरी असतो, दहा वेळा हूल देतो."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का, सुजय?"

"तू दुसरा उपाय बघ. कर्णिकांना परत सांग. मी... मला विचार करू दे."

"विचार करायला वेळ कुठाय!" ती किंचाळली, पण फोन बंद झाला होता.

अक्षताला रडू फुटलं. राग, भीती, आणि ज्याच्यासोबत इतकी वर्षं एका ताटात जेवलो तो माणूस घमेल्याखाली हात घालायला तयार नाही याची लाज. सगळं एकदमच आलं. तिने बाहीने तोंड पुसलं. पाऊस वाढला होता. म्हादूची टोळी ओतलेल्या भागावर ताडपत्री ओढत होती आणि पुढच्या भागात लगदा पडतच होता. वजन वाढतच होतं.

तिने शिडी धरली आणि पुन्हा खाली उतरली. या वेळी टेकू बघायला नाही. ती सरळ गाळ्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

ओतकाम चालू असताना टेकूंखाली थांबायला सक्त मनाई होती. प्रत्येकाच्या हेल्मेटमध्ये एक चकती असे, त्यामुळे कोण कुठे उभा आहे हे ठिपक्यांनी दिसे. कुणी खाली थांबलं की साइटच्या प्रमुखाला इशारा जाई, आणि शेजारच्या साइटच्या प्रमुखालाही. अक्षताच्या हातातला फोन थरथरला. "धोक्याच्या जागी व्यक्ती: अक्षता मगदूम." तिला स्वतःलाच! त्या अवस्थेतही तिला हसू आलं. तोच इशारा आंबेतळलाही गेला असणार, हे तिला माहीत होतं. त्यासाठीच ती खाली उतरली होती की म्हादूसाठी, हे तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही.

"मेस्त्री!" तिने वर बघून हाक मारली. "मी हितं उभी आहे. पंचांग हिरवं आहे न्हवं? मग मला काय व्हतंय?"

फळ्यांच्या फटीतून म्हादूचा चेहरा दिसला. तो पांढराफटक पडला. "मॅडम! आवो भाईर या! खुळ्या झालाय का?"

"टोळी उतरली की येते."

वरून आरडाओरडा ऐकू आला. काहीजण म्हणत होते उतरू या, काहीजण काळ्या खुणेचं नाव घेत होते. म्हादू शिव्या देत शिडी उतरू लागला, तिला हाताला धरून ओढून न्यायला. तांबडं पाणी आता अक्षताच्या बुटांवरून वाहत होतं. डाव्या हाताला कुठेतरी लोखंड कुरकुरलं. जुन्या दाराची बिजागरी करते तसा आवाज. तिला वाटलं, पाय काढावा. पण वर चाळीस माणसं होती, आणि पाय काही निघेना.

फोन पुन्हा थरथरला. तिने बघितलं. कर्णिक. तिने उचलला नाही.

आणि मग भोंगा वाजला.

एकच नाही, खिंडीतले सगळे भोंगे एकदम. तिने बगलेतला टॅब काढला, तो लालभडक झाला होता. आंबेतळच्या नावापुढचा शून्य गेला होता आणि तिथे आकडा चढत होता. त्याच्याबरोबर खडकोळची फुली पुसली गेली, तिची स्वतःची पुसली गेली, आणि पूर्वेकडचे सगळे हिरवे ठिपके एकामागून एक लाल होत आले. पंपाची धडधड थांबली. सोंड हवेतच लोंबकळत राहिली.

"लाल! लाल झालं रं! उतरा!" म्हादू अर्ध्या शिडीवरून उलटा वर ओरडला.

माणसं उतरली. कुणी शिडीवरून, कुणी पाइपांना धरून, कुणी सरळ काठाकडच्या मुरुमाच्या ढिगावर उडी टाकून. अक्षता बाहेर येऊन डोकी मोजत होती आणि चिखलात घसरत होती. म्हादू परत वर चढला आणि सगळ्यांना उतरवून शेवटी आला. त्याने टोळीकडे बघून मान हलवली, सगळे आले. आणि मग मोठा पाऊस आला. असा आला की पलीकडचा डोंगर दिसेनासा झाला.

गाळा लगेच पडला नाही. बराच वेळ तो नुसता कण्हत होता. मग डावीकडचे टेकू मातीत खचले, स्लॅबाचं एक टोक खांदा पाडल्यासारखं झुकलं, आणि सगळं राखाडी ओझं फळ्या-सळयांसकट एका दणक्यात खाली आलं. जिथे अक्षता उभी होती तिथे आता पाइपांचा आणि लगद्याचा ढीग होता. म्हादू चिखलात बसला होता. त्याने कानाच्या पाळ्या धरल्या आणि भैरोबाचं नाव घेतलं.

"मॅडम," मग तो म्हणाला, "जेवान सांगितलंय त्येचं काय करायचं?"

"जेवायचं," अक्षता म्हणाली. तिचे दात वाजत होते. "सगळ्यांनी बसून जेवायचं."

आणि भैरोबाच्या खिंडीतली टोळी पहिल्यांदाच पडलेल्या स्लॅबाची पंगत जेवली.

पुढचे दिवस वाईट गेले. पंचांगाने एका डोळ्याचा धागा धरून मागचं सगळं उसवलं. कोरड्या मगदूमच्या साक्षीवर उभे असलेले अंदाज रद्द झाले, आणि त्याच्यासारख्या शेकडो कोरड्यांच्या जुन्या स्लॅबांवर संशयाचे शिक्के बसले. पूल बंद झाले, रस्ते वळवले गेले. मुहूर्त तर मिळेनासाच झाला. पावसाची खरी चव लागल्यावर पंचांग आता साध्या ढगालाही बिचकत होतं. टोळ्या बसून होत्या. कोल्हापूरपासून तळकोकणापर्यंतच्या झाडून सगळ्या साइटवर लोक मगदूम नवरा-बायकोला शिव्या घालत होते. माणसं वाचली म्हणून एक जण आभार मानी, तर काम गेलं म्हणून दहा जण तोंड फिरवत. सुजयला कामावरून दूर केलं होतं. अक्षताची चौकशी चालू होती.

एका दुपारी ती आंबेतळला गेली. सुजयची भिंत फोडायचं काम चाललं होतं. यंत्राचे घण काँक्रीटमध्ये घुसत होते आणि धुरळा उडत होता. सुजय काठावर एका दगडावर बसून बघत होता. त्याला आता तिथे काही काम नव्हतं, तरी तो रोज येऊन बसतो, असं तिला पहारेकऱ्याने सांगितलं होतं. ती शेजारी जाऊन बसली. त्या दिवसापासून दोघं एका घरात राहत होती, एका टेबलावर जेवत होती, पण हे बोलणं राहून गेलं होतं.

"चांगली होती रे भिंत," ती म्हणाली.

"चांगली नव्हती. फोडताना बघ, वरचा हातभर थर नुसता हाताने सुटतोय. धुऊन गेला होता." त्याने हातावरची धूळ झटकली. "मला वाटायचं ताडपत्रीने भागतं."

घणांचा आवाज थांबला. माणसं पाणी प्यायला बाजूला झाली.

"सुजय, एक विचारू?"

"विचारणार हे मला माहीत होतं."

"मी खाली उभी राहिले नसते तर?"

त्याने पायाशी पडलेला काँक्रीटचा तुकडा उचलला आणि बोटांनी चुरला. तिला वाटलं, आता तो नक्कीच म्हणेल की उघडलाच असता, हात घमेल्यावर होता, तुझा ठिपका दिसायच्या आधीच. कुठल्याही नवऱ्याने म्हटलं असतं. तिने ते मानलंही असतं.

"माहीत नाही," सुजय म्हणाला. "रोज इथे येऊन तेच आठवतो. फोन ठेवला तेव्हा उघडायचं असं मनात नव्हतं. मग तुझं नाव आलं. त्या चाळीस जणांसाठी हात हलला नव्हता, अक्षू. तुझ्यासाठी हलला. हे मला झाकता येत नाही."

हे ऐकायला अक्षता आली नव्हती, आणि आता ऐकल्यावर दुसरं काही ऐकायचंही नव्हतं. त्याच्यावर प्रेम करावं की त्याचा तिटकारा करावा, हे तिला कळेना. दोन्ही एकदमच होत होतं.

"हे चौकशीत सांगशील?" तिने विचारलं.

"सांगेन."

"मग मीही सांगते. मला ठाऊक होतं आणि मी कानाडोळा केला, ते."

आभाळ भरून आलं होतं. पूर्वेकडून गार वारा सुटला आणि भुरभुर सुरू झाली. फोडलेल्या भिंतीच्या काठावर डोळा तसाच बसवलेला होता, आणि त्याच्याजवळ ते जुनं घमेलं पालथं पडलं होतं. सुजय सवयीने उठला. वाकला. घमेलं उचललं. अक्षता श्वास धरून बघत होती.

त्याच्या लक्षात आलं. तो ओशाळला. घमेलं हातात धरून तसाच उभा राहिला आणि मग दोन पावलं मागे येऊन ते त्याने तिच्या डोक्यावर धरलं.

"तुझं डोकं भिजतंय," तो म्हणाला.

डोळा पावसात उघडा होता. घमेल्यावर थेंब तडतडत होते. अक्षताने हात वर करून घमेल्याची दुसरी कड धरली आणि त्याला आत ओढलं.